वाटणातलं पाणी

कांद्यात ८८ टक्के पाणी असतं. आल्यात ८०, लसणात ६०, ओल्या खोबऱ्यात ४७ आणि सुक्या खोबऱ्यात जेमतेम ४. जात आणि हंगाम यांप्रमाणे हे आकडे दोन-चार टक्क्यांनी इकडेतिकडे होतात, क्रम मात्र बदलत नाही. वाटण किती दिवस टिकेल, ते कुठं ठेवायचं, आणि घरी जमत नसेल तर दुकानातून नेमकं काय आणायचं, हे सगळं ठरवताना मी याच पाच आकड्यांकडे परत परत वळते.

देशावर ज्याला वाटण म्हणतात त्यालाच मालवणी घरात वाटप म्हणतात. नाव कुठलंही घ्या, रोजच्या रश्शाला चव त्याचीच आणि वेळ खातं तेही तेच. म्हणून रविवारी एकदाच जास्तीचं करून ठेवायचं, हा आता बहुतेक घरांतला रिवाज झाला आहे. करून ठेवायला माझी काहीच हरकत नाही. काळजी आहे ती ठेवण्याच्या पद्धतीची.

एक किलो चिरलेला कांदा घ्या. त्यात ८८० ग्रॅम पाणी आणि १२० ग्रॅम बाकीचा ऐवज. परतून परतून वजन निम्म्यावर, ५०० ग्रॅमवर आलं की वाटतं, पाणी बरंच आटलं. तेल बाजूला ठेवून हिशोब करा. १२० ग्रॅमचा ऐवज जागेवरच आहे, तेव्हा पाणी उरलं ३८० ग्रॅम. म्हणजे अजून ७६ टक्के! चांगला तांबूस होऊन ४०० ग्रॅम उरला तरी ७० टक्के पाणी आहे, आणि पार गडद होऊन २०० ग्रॅम उरला तरीही ४० टक्के. कढईतला कांदा डोळ्यांना कोरडा दिसतो, हिशोबात कोरडा होत नाही.

आता याच ४०० ग्रॅम कांद्यात १५० ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, ५० ग्रॅम लसूण, ५० ग्रॅम आलं घाला आणि मिक्सर फिरावा म्हणून १५० मिलिलिटर पाणी. वाटण झालं ८०० ग्रॅम. त्यातलं पाणी अनुक्रमे २८०, ६, ३०, ४० आणि १५०, मिळून ५०६ ग्रॅम. म्हणजे ६३ टक्के. वाटण्यासाठी घातलेलं पाणी यात खोबरं, आलं आणि लसूण यांच्या एकत्रित पाण्याच्या दुपटीइतकं आहे. सुक्या खोबऱ्याचं वाटण ओल्यापेक्षा जास्त टिकतं असं आपण म्हणतो. ते खोबऱ्यापुरतं खरं आहे. मिक्सरच्या भांड्यात अर्धा पेला पाणी ओतलं की तो फायदा बराचसा वाहून जातो. पाण्याऐवजी तेवढंच तेल घालून वाटलं तर हेच प्रमाण ४४ टक्क्यांवर येतं. सुधारणा आहे, पण सुटका नाही, कारण जंतूंना वाढायला एवढं पाणी पुरून उरतं.

अन्नशास्त्रात याचं एक माप आहे, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १ धरतात. ०.८५ च्या खाली अन्नातून आजार पसरवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत, आणि ०.६० च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही. ओलं वाटण ०.९५ च्या वर असतं. म्हणजे ताज्या भाजीइतकंच नाजूक.

कढईतून डब्यात जातानाचे चार तास

बिघाड फ्रीजमध्ये होतो असं आपण समजतो. खरं तर तो बहुतेक वेळा त्याआधी, ओट्यावर सुरू झालेला असतो.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. त्यात, मनासारखी ऊब मिळाली तर, अनेक जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. एकापासून सुरुवात केली तर ४ तासांत १२ वेळा दुप्पट, म्हणजे ४,०९६. सहा तासांत २,६२,१४४. आठ तासांत १,६७,७७,२१६. रात्री दहाला वाटण करून "सकाळी गार झालं की ठेवू" असं म्हटलं, तर आपण हेच आठ तास देत असतो.

"पण मी ते चांगलं परतलं होतं" हे उत्तर मी अनेकींकडून ऐकलं आहे, आणि एके काळी मीही तेच देत असे. परतल्याने जिवंत जिवाणू मरतात, पण काही जातींचे बीजाणू मरत नाहीत. ते मातीतून येतात, मसाल्यांतही असतात, आणि उकळत्या तापमानाला तग धरतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा त्यांतला एक. मोठ्या पातेल्यातलं कालवण सावकाश निवताना वाढतो तो हाच. त्याचं आवडतं तापमान ४३ ते ४७ अंश, आणि तिथं तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. वीस मिनिटांच्या हिशोबाने चार तासांत होणारी वाढ त्याला दोन तास पुरतात. त्याला हवाही नको असते, त्यामुळे पातेल्याच्या पोटातला घट्ट, कोमट गोळा त्याच्या फार सोयीचा.

म्हणून अन्नसुरक्षेचे नियम निवण्याची वेळ बांधून देतात: ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर शिजलेलं अन्न एक तासाच्या वर बाहेर ठेवू नये, असंही सांगितलं जातं. मार्च ते मे नागपूर, सोलापूर, जळगावच्या स्वयंपाकघरांत ३२ ही तर सकाळची गोष्ट.

यावरचा उपाय साधा आहे. घट्ट पदार्थ निवायला लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. डब्यात ८ सेंटीमीटर थर आणि ताटात २ सेंटीमीटर थर, जाडी चौपट, तर वेळ सोळापटीपर्यंत. तेव्हा वाटण पातेल्यात तसंच ठेवू नका. परातीत पसरा, खाली थंड पाण्याचं दुसरं ताट ठेवा. अर्ध्या तासात हाताला गार लागेल. वाफ जिरली की लगेच फ्रीजमध्ये. कोमट पदार्थ ठेवला तर फ्रीज बिघडतो ही भीती मनातून काढून टाका. पातळ थरातल्या पाऊण किलो वाटणाने फ्रीजला काही होत नाही.

चार दिवस आणि तीन महिने

फ्रीज ५ अंशांना किंवा खाली असेल तर असं वाटण ३ ते ४ दिवस वापरावं. आठवडा नाही. वास आला नाही म्हणून चांगलं आहे असंही मानू नका, कारण आजार करणारे जंतू बऱ्याचदा वास सोडत नाहीत. वाटणाचा डबा दाराच्या कप्प्यात नको. दार उघडलं की सगळ्यात आधी तापतो तो तोच कप्पा.

चार दिवसांहून जास्त हवं असेल तर पहिल्याच दिवशी गोठवा. उणे १८ अंशांना जिवाणूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, थांबतात, म्हणून वितळल्यावर घड्याळ पुन्हा सुरू होतं. गोठवलेलं वाटण सुरक्षित बराच काळ राहतं, चवीच्या हिशोबाने मी तीन महिने धरते. त्यानंतर कोथिंबिरीचा हिरवेपणा आणि लसणाचा ताजेपणा उतरत जातो. ओल्या खोबऱ्याचं वाटण असेल तर आणखी एक गोष्ट. नारळाच्या तेलातल्या स्निग्धाम्लांत निम्म्याच्या जवळपास लॉरिक आम्ल असतं. स्निग्ध पदार्थ फोडणारी विकरं जागी राहिली तर हे आम्ल सुटं होतं, आणि रश्शाला साबणासारखी चव येते. खोबरं आधी भाजून किंवा परतून घेतलं तर ही विकरं निकामी होतात. काळ्या वाटणातलं खोबरं आपल्या आज्या तव्यावर नाहीतर निखाऱ्यावर भाजत. तो रंग आणि वासापुरता सोपस्कार नव्हता.

सगळ्या फ्रीजरमध्ये उणे १८ असतं का? नाही, आणि इथं फसगत होते. गोठवण्याच्या कप्प्यावर कधीकधी बर्फाच्या चांदण्या छापलेल्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. विजेच्या बचतीच्या ताऱ्यांशी यांचा संबंध नाही. एका दाराच्या छोट्या फ्रीजमधला वरचा कप्पा अनेकदा उणे १८ गाठत नाही. तिथं तीन महिने विसरा, एक महिना धरा. आइस्क्रीम दगडासारखं घट्ट राहत नसेल तर तुमचा कप्पा पुरेसा थंड नाही, एवढी खूण पुरेशी आहे.

भारनियमनाचाही हिशोब असतो. दार न उघडता फ्रीजचा खालचा भाग सुमारे ४ तास थंड राहतो, भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. गावाकडे दिवसाआड वीज जात असेल तर फ्रीजर रिकामा ठेवू नका. पाण्याच्या बाटल्या गोठवून मोकळी जागा भरा.

गोठताना पाणी ९ टक्के फुगतं. आपल्या वाटणात ६३ टक्के पाणी आहे, तर ते सहा टक्क्यांच्या आसपास फुगेल. काचेची बरणी काठोकाठ भरली तर तडकते. मी पिशव्या वापरते. २०० ग्रॅम वाटण, म्हणजे चार माणसांच्या रश्शापुरतं, पिशवीत घालायचं, दाबून दीड सेंटीमीटर जाडीची वडी करायची, वर तारीख लिहायची. वडी लवकर गोठते आणि लवकर वितळते, तेच जाडीच्या वर्गाचं गणित. हवं तेवढं तोडून थेट गरम तेलात टाकता येतं. ओट्यावर तासन्‌तास वितळत ठेवायचं काम नाही, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचंही नाही.

वरून तेल ओतण्याबद्दल

हा भाग मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा सल्ला मायेने दिला जातो आणि तोच सर्वांत घातक आहे. "आलं-लसूण वाटून बरणीत भर, वर तेलाचा थर दे, महिनाभर टिकेल."

१९८५ साली कॅनडातल्या व्हँकूवर शहरात एका उपाहारगृहातल्या ग्राहकांना बोट्युलिझम झाला. ३६ जणांना. कारण निघालं तेलात ठेवलेला बारीक लसूण, जो थंड जागेऐवजी बाहेर ठेवला गेला होता. १९८९ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आणखी तिघांना अशाच लसणातून बाधा झाली, आणि त्याच वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तेलातल्या लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. लसूण मातीत वाढतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू मातीत असतात. त्यांना जागं व्हायला चार गोष्टी लागतात: पाणी, ऊब, हवेचा अभाव आणि आंबटपणाचा अभाव. लसणात ६० टक्के पाणी, पीएच ६ च्या आसपास, म्हणजे आंबट नाहीच. पीएच ४.६ च्या वर हे जिवाणू वाढू शकतात. हवा तेवढी आड येत होती, ती आपण तेलाच्या थराने दूर केली.

मग मीठ? एकसारखं आलं आणि लसूण घेतलं तर पेस्टमध्ये ७० टक्के पाणी. त्या पाण्यात १० टक्के मीठ झालं तर या जिवाणूला आळा बसतो. त्यासाठी १०० ग्रॅम पेस्टला जवळपास ८ ग्रॅम, म्हणजे सव्वा चमच्याहून जास्त मीठ हवं. आपण घालतो ते चिमूटभर मीठ चवीपुरतं. लोणच्यात तेल चालतं, कारण तिथं मीठ आणि आंबट आधीच भरपूर असतं. तेल हा शेवटचा पहारेकरी, पहिला नव्हे. आलं-लसणाची घरची पेस्ट फ्रीजमध्ये चार दिवस, त्याहून जास्तीची बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेली. यात तडजोड नको. लसूण हिरवट-निळसर झाला तर मात्र घाबरू नका. ती त्याच्यातल्या गंधकयुक्त घटकांची करामत आहे, खायला निर्धोक.

विकतचं काय विकत घेतो आपण

दुकानातली पाकिटं कपाटात वर्षभर टिकतात ती तीन वाटांनी: उष्णता, आम्ल किंवा कोरडेपणा.

तयार ग्रेव्हीचं जाड चकचकीत पाकीट पहिल्या वाटेचं. पाकीट सीलबंद करून दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात, आणि पाकिटाच्या अगदी मध्यावर सुमारे तीन मिनिटं ती उष्णता मिळेल अशी काळजी घेतात. भारतात या तंत्रावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी मोठं काम केलं. ती १९६१ पासून आहे. हे घरी होत नाही. साध्या उकळीला १०० अंश, आणि महाबळेश्वरला १,३५३ मीटर उंचीवर तर ९५-९६ च. घरचा कुकर १२० च्या जवळ जातो हे खरं, पण घट्ट वाटणाच्या मध्यभागी किती पोचलं हे आपल्याला मोजता येत नाही. म्हणून वाटण बाटलीत भरून, कुकरमध्ये वाफवून कपाटात ठेवण्याचे प्रयोग करू नयेत.

आलं-लसणाची बाजारातली पेस्ट दुसऱ्या वाटेची. मागच्या बाजूला आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, २६० म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल, २११ सोडियम बेंझोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट, ४१५ झँथन गम. हे आकडे बघून दचकायचं कारण नाही. आम्ल तिथं जीव वाचवायला घातलेलं आहे, आणि त्याचमुळे ती पेस्ट किंचित आंबट लागते. अशा पेस्टच्या रश्शात कोकम किंवा चिंच थोडी कमी घाला.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो सोडियमचा आकडा. तो लेबलवर १०० ग्रॅममागे द्यावाच लागतो. समजा तिथं २,००० मिलिग्रॅम लिहिलं आहे आणि चौघांच्या रश्शाला तुम्ही ५० ग्रॅम पेस्ट घातली. १,००० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाणार, माणशी २५०. दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. एका वाटीतच साडेबारा टक्के झाले, आणि अजून आपण हाताने मीठ घातलेलंच नाही. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: १,००० मिलिग्रॅम म्हणजे अडीच ग्रॅम, जवळजवळ अर्धा छोटा चमचा. तेवढं रश्शातून वजा करा. रक्तदाबाची गोळी घेणारं माणूस घरात असेल तर ही वजाबाकी रोज करा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. "खोबऱ्याची ग्रेव्ही" म्हणणाऱ्या पाकिटावर पहिलं पाणी, दुसरं तेल, आणि खोबरं पाचवं असेल तर आपण कशाचे पैसे देतो ते लगेच कळतं.

नारळाच्या दुधालाही आकडा असतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार नारळाच्या दुधात किमान १० टक्के स्निग्धांश हवा, क्रीममध्ये २०, आणि 'लाइट' म्हटलेल्यात ५ पुरतात. म्हणजे लाइटचे दोन डबे घेतले तेव्हा एका साध्या डब्याची साय मिळते.

कोरडेपणाची वाट मला सर्वांत जवळची. डेसिकेटेड खोबऱ्यात ३ टक्क्यांच्या आसपास पाणी. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ५३ ग्रॅम ऐवज असतो, तेव्हा त्याच्या जागी ५५ ग्रॅम डेसिकेटेड आणि ४५ मिलिलिटर गरम पाणी, वीस मिनिटं भिजवून. माशाच्या कालवणात फरक जाणवतो, अंड्याच्या किंवा वाटाण्याच्या रश्शात फारसा नाही. परदेशात राहणाऱ्या मुलांना मी हेच सांगते. ओलं वाटण विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. कोरड्या मसाल्याला ती मर्यादा नाही, आणि खवलेलं गोठवलेलं खोबरं तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतं. सुटे घटक बाहेरून घ्यावेत आणि मिसळण्याचं काम आपल्या कढईत करावं, असं माझं मत आहे. चव आपली राहते आणि मीठही आपल्या हातात राहतं.

२०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी माणसाच्या दरमहा खर्चातला ११.०९ टक्के वाटा पेयं आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांवर गेला. यात चहा, बिस्किटं, बाहेरचं जेवण सगळं येतं, नुसती पेस्ट नव्हे. तरी या आकड्याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोल घरकामात गेली, पुरुषांची ८८. पाच वर्षांपूर्वी हेच आकडे २९९ आणि ९७ होते. वाटणाला दर वेळी ४० मिनिटं धरली, तर आठवड्यात चार वेळा १६०. चौपट वाटण एकदाच केलं आणि त्याला दीड तास लागला, तरी ७० मिनिटं वाचली. गोठवलेली वडी किंवा विकतची पेस्ट वापरणाऱ्या बाईला या ७० मिनिटांचा जाब कुणी विचारू नये.

आणि हे सगळं फ्रीज असणाऱ्यांचं झालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३८ टक्के घरांत फ्रीज होता. उरलेल्या ६२ टक्के घरांना चार दिवसांचाही पर्याय नाही. पण महाराष्ट्राच्या गावांनी यावर फार पूर्वीच उत्तर काढलेलं आहे: पश्चिम महाराष्ट्राचा कांदा-लसूण मसाला, मराठवाड्याचं येसर. एप्रिल-मेच्या उन्हात कांदा वाळतो. एका किलोतलं ८८० ग्रॅम पाणी जवळजवळ सगळं उडून, ५ टक्के ओल धरली तर १२६ ग्रॅम उरतं. सुकं खोबरं, मिरची, मसाले भाजून डंखावर कुटून आणायचे, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचे, मधे हिंगाचे खडे. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी हा शब्द न ऐकता त्या बायकांनी मसाला जंतूंच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवला.

त्याला धोका एकच, ओला चमचा. ६ टक्के ओल असलेल्या १०० ग्रॅम मसाल्यात चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम पाणी शिरलं तर ओल साडेदहा टक्क्यांवर जाते. ती सगळीकडे सारखी पसरत नाही, एकाच गाठीत साचते, आणि बुरशी तिथूनच धरते. माझ्या आजीच्या बरणीत लाकडी डाव कायमचा आत असे, आणि बरणीला हात लावण्याआधी ती पदराला हात पुसत असे, हात कोरडे असले तरी.